मदत हवी आहे : व्हीएमके ० डिस्ट्रिब्युटेड स्विचवर टिकत नाही

नमस्कार मंडळी. ईएसएक्सआयचे (व्हीएमवेअरची, आभासी मशीन म्हणजे व्हीएम चालवणारी प्रणाली) ३ होस्ट, म्हणजे सर्व्हर, स्टँडर्ड स्विचवरून (प्रत्येक होस्टचा आपापला आभासी नेटवर्क स्विच) डिस्ट्रिब्युटेड स्विचवर (सगळ्या होस्टांचा मिळून एकच) न्यायचेत आणि मी पहिल्याच होस्टवर अडकलोय.

प्रत्येक होस्टला २ नेटवर्क कार्डं आहेत, व्हीएमनिक ० आणि व्हीएमनिक १. आधी फक्त व्हीएमनिक १ नव्या स्विचवर नेलं, व्हीएमनिक ० जुन्यावरच ठेवलं. इथवर ठीक. पण मॅनेजमेंटचा व्हीएमके ० (होस्टचं नियंत्रण ज्यावरून चालतं तो आभासी नेटवर्क इंटरफेस) हलवला की होस्ट व्हीसेंटरमधून (सगळे होस्ट सांभाळणारं सॉफ्टवेअर) तुटतो, आणि थोड्या वेळाने रोलबॅक होऊन सगळं पुन्हा जुन्या जागी. दोनदा करून पाहिलं, दोन्ही वेळा हेच. रोलबॅक होता म्हणून निभावलं, नाहीतर रात्री सर्व्हर रूम गाठावी लागली असती.

नव्या स्विचवरच्या पोर्ट ग्रुपला (एकाच सेटिंगच्या पोर्टांचा गट) जुन्यावरचाच व्हीलॅन २० (नेटवर्कच्या वेगळ्या भागाचा क्रमांक) दिलाय. माझा संशय फिजिकल स्विचवर आहे : व्हीएमनिक १ च्या पोर्टवर ट्रंकमध्ये (अनेक व्हीलॅन एकत्र नेणारी जोडणी) २० सोडलेलाच नसावा. नेटवर्कवाल्यांचं उत्तर यायचंय. तोवर होस्टवरूनच हे कसं तपासता येईल?

शिवाय व्हीसेंटरचं व्हीएमही याच होस्टांवर चालतं. स्टॅटिक बाइंडिंगमध्ये (व्हीएमला स्विचवरचा पोर्ट कायमचा नेमून देण्याची पद्धत) नवा पोर्ट व्हीसेंटरशिवाय मिळत नाही, म्हणून व्हीसेंटरच्या व्हीएमसाठी इफेमेरल बाइंडिंगचा (होस्ट स्वतःच तात्पुरता पोर्ट देतो ती पद्धत) वेगळा पोर्ट ग्रुप करायचं ठरवतोय. कोणी असं प्रत्यक्ष चालवलंय का? शनिवारी रात्री पुन्हा काम काढणार आहे, त्याआधी कळलं तर फार मदत होईल.