मदत हवी आहे: सवण्यातलं ऊन आणि आजीचा चेहरा एकाच फोटोत कसा धरू?

नमस्कार मंडळी,

आमचं गाव औसा तालुक्यात. ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपानंतर भावकीतल्या बहुतेकांनी पत्र्याची नाहीतर स्लॅबची घरं बांधली, आजीचं माळवद (लाकडी तुळयांवर मातीचं सपाट छत असलेलं घर) तेवढं उरलं. भिंतींना तडे आणि वर मातीचं ओझं, म्हणून संक्रांत झाली की तेही उतरवायचं ठरलंय. ते बरोबरच आहे. त्याआधी मला एक फोटो हवाय: चुलीपुढं भाकरी थापणारी आजी आणि तिच्या पलीकडं सवण्यातून उतरणारं ऊन.

माळवद न पाहिलेल्यांसाठी सांगते. धूर जायला आणि उजेड यायला छताला हातभर भोक ठेवतात, ते सवणं. आमच्या स्वयंपाकघराला खिडकी नाहीच. मे महिन्यात सूर्य डोक्यावर येतो तेव्हा कवडसा चुलीजवळ पडायचा. आता डिसेंबरात सूर्य दक्षिणेला कलल्यामुळं तोच कवडसा चुलीपासून चार-पाच हात उत्तरेला, शेणानं सारवलेल्या जमिनीवर पडतो. साडेबाराच्या सुमारास चुलीत तुराट्या पेटल्या की धूर त्या झोतात शिरतो आणि झोत अक्षरशः हाताला धरता येईल असा दिसतो.

माझ्याकडं साधा डीएसएलआर आणि त्याच्यासोबत आलेली १८-५५ ची लेन्स आहे. आयएसओ (उजेडाला कॅमेऱ्याची संवेदनशीलता) ४०० आणि एफ/५.६ (लेन्सचं भोक किती उघडं ते; आकडा लहान तितकं भोक मोठं) ठेवून मोजलं तर कवडशासाठी शटर १/३२०० सेकंद येतं आणि चुलीमागच्या भिंतीसाठी १/६. म्हणजे नऊ स्टॉपचा फरक (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा), पाचशे पटीहून जास्त. ऑटोवर काढलं की भिंत राखाडी होते आणि कवडसा कोरा पांढरा. कवडसा सांभाळला तर आजी दिसतच नाही. चुलतभावाच्या मोबाइलमध्ये सगळंच नीट उजळून आलं, पण ते आमचं घर वाटत नाही. त्या घरात अंधार होता, काजळीनं काळी झालेली तुळई होती. तो अंधार मला पुसायचा नाही, फक्त आजीचा चेहरा त्यातून वर यायला हवा. फ्लॅश मारायचा नाही. काय करू?

प्रतिसाद १

ताई, मी लातूरला लग्नाचे फोटो काढतो. कॅमेऱ्यातलं उजेड मोजणारं मीटर जे समोर दिसेल त्याला मध्यम राखाडी करायला बघतं. तुमच्या चौकटीत काळं जास्त, म्हणून ते उगाच उजेड वाढवतं. मॅन्युअलवर या, स्पॉट मीटरिंग (चौकटीतल्या एका छोट्या ठिपक्यापुरतंच मोजणं) लावा आणि आजीच्या गालावर मोजा. त्याहून एक स्टॉप कमी ठेवा, अंधार अंधारच राहील.

पण खरा इलाज कॅमेऱ्यात नाही. सारवलेली जमीन ऊन पिऊन टाकते. कवडशावर धुतलेलं पांढरं धोतर अंथरा, तेच ऊन उलटून आजीच्या तोंडावर येईल. धोतर चौकटीबाहेर ठेवा, वरचा झोत तेवढा आत घ्या. झोतामागं काळी भिंत येईल असे उभे राहा, नाहीतर धूर दिसणार नाही. आणि रॉमध्येच (कॅमेऱ्यानं प्रक्रिया न केलेली मूळ फाइल) काढा. सावलीतलं थोडंफार वर काढता येतं, जळालेला पांढरा मात्र परत येत नाही. कुणाकडं ५० एमएमची एफ/१.८ मिळाली तर आणा, एफ/५.६ च्या जवळजवळ दहापट उजेड घेते.

प्रतिसाद २ (धागाकर्ती)

दादा, मनापासून आभार. काल करून पाहिलं. आजोबांचं धोतर पेटीतून काढलं. आजी म्हणाली, "धुराचा कशाला फोटो काढतीस माय, डोळे चुरचुरतेल." पण अंथरू दिलं.

धोतर नसताना गालावर १/८ मोजलं होतं, अंथरल्यावर १/३०. दोन स्टॉप मिळाले! आयएसओ १६०० केला आणि शटर १/१२५ वर आलं. तुम्ही सांगितल्याप्रमाणं त्याहून एक स्टॉप कमी, १/२५० ठेवलं. भाकरी थापतानाचा हात किंचित हललेला आलाय, मला तो तसाच आवडला. बोटांच्या पेरांत अडकलेलं ज्वारीचं पीठ दिसतं, डोळ्याखालच्या सुरकुत्या दिसतात आणि मागची तुळई काळीच राहिली.

दोन अडचणी उरल्या आहेत. धोतर जुनं, पिवळट पडलेलं, त्यामुळं चेहऱ्यावर पिवळी झाक आली. दुसऱ्या बाजूनं चुलीचा तांबूस उजेड येतोच. व्हाइट बॅलन्स (कुठल्या उजेडाला पांढरा धरायचं ते) उन्हाच्या हिशेबानं ठेवू की चेहऱ्याच्या? चुलीचा तांबूसपणा गेलेला मला चालणार नाही.

प्रतिसाद ३

उन्हाच्या हिशेबानं, साधारण ५५०० केल्विनवर (उजेडाच्या रंगाचं माप) पक्का करून ठेवा. जाळ तांबूसच येईल. धोतराऐवजी नवी पांढरी चादर अंथरली की पिवळी झाकही जाईल.

प्रतिसाद ४ (धागाकर्ती)

चादर घेतलीय. येत्या शनिवारी पुन्हा जाते. ढग नसले तर साडेबाराला चूल पेटवायची असं आजीला फोनवर सांगून ठेवलंय. ५० एमएमची लेन्स औशात किंवा लातुरात कुणी दोन दिवस भाड्यानं देत असेल तर कृपया इथं कळवा.