शास्त्राचे ‘प्रामाण्य’ की शास्त्राचा ‘अधिकार’?

विचारणा

युरोपातील सोळाव्या शतकातील धर्मसुधारणेवर लेख लिहीत आहे. बायबलच्या ज्या सर्वोच्च स्थानावरून धर्मसुधारक मार्टिन लूथर आणि रोमचे कॅथलिक चर्च यांच्यात वाद झाला, त्या स्थानाला मराठीत ‘प्रामाण्य’ म्हणावे की ‘अधिकार’, हे ठरत नाही. ‘वेदप्रामाण्य’ हा शब्द रुळलेला असल्यामुळे ‘बायबलप्रामाण्य’ सहज सुचते. मात्र मराठी ख्रिस्ती लेखनात ‘वचनाचा अधिकार’ असेही वाचायला मिळते. दोन्हींचा अर्थ एकच धरावा काय?

पहिला प्रतिसाद

एकच धरू नये. निदान तुमच्या लेखात तर मुळीच नाही. प्रमाण म्हणजे यथार्थ ज्ञानाचे साधन. नैयायिक, म्हणजे न्यायदर्शनाचे अनुयायी, प्रत्यक्ष, अनुमान, उपमान आणि शब्द (विश्वसनीय वचन) अशी चार प्रमाणे मानतात, आणि त्यांतले चौथे ग्रंथाला लागू पडते. तेव्हा प्रामाण्याचा प्रश्न असा असतो की, ग्रंथ जे सांगतो ते खरे मानावे काय? अधिकाराचा प्रश्न निराळा आहे: आज्ञा कोणी करावी, वाद उद्भवल्यास निवाडा कोणाचा चालावा, आणि कोणापुढे कोणी नमावे?

लूथर आणि रोम यांच्यात पहिल्या प्रश्नावर मतभेद नव्हता. बायबल देवप्रेरित आहे, हे दोघांनाही मान्य होते. १८ एप्रिल १५२१ रोजी जर्मनीतील वर्म्स शहरी भरलेल्या राजसभेपुढे लूथरने सांगितले ते एवढेच की, शास्त्राच्या साक्षीने किंवा स्पष्ट युक्तिवादाने आपली खात्री पटवल्याशिवाय आपण लेखन मागे घेणार नाही, कारण पोप आणि धर्मपरिषदा यांच्या हातून चुका झालेल्या आहेत. याला उत्तर म्हणून १५४६ मध्ये ट्रेंटच्या कॅथलिक धर्मपरिषदेने शास्त्र आणि प्रेषितांकडून चालत आलेली परंपरा या दोहोंचा सारख्याच आदराने स्वीकार केला, आणि शास्त्राचा खरा अर्थ ठरवणे हे चर्चचे काम असल्याचे बजावले. येथे शास्त्र खोटे आहे असे कोणीच म्हणत नाही. भांडण आहे ते निवाडा करणाऱ्याच्या आसनाचे. म्हणून ‘प्रामाण्यावरून वाद’ असे लिहिल्यास वाचकाचा गैरसमज होईल.

‘प्रामाण्य’ शब्दाची आणखी एक अडचण अशी की तो मीमांसकांचा, म्हणजे वेदवाक्यांचा अर्थ लावणाऱ्या दर्शनाच्या पंडितांचा, सगळा संसार पाठीवर घेऊन येतो. वेद अपौरुषेय आहेत, त्यांना कर्ताच नाही, म्हणून कर्त्याचे दोषही त्यांना चिकटत नाहीत, ही तेथली मांडणी. ख्रिस्ती मांडणीत ग्रंथाला कर्ता आहे, तो देव आहे, आणि त्याच वेळी हाडामांसाची माणसेही त्याचे कर्ते आहेत. ‘परमेश्वरप्रेरित शास्त्रलेख’ हे ज्या पत्रातले प्रसिद्ध शब्द, त्याच तीमथ्याला लिहिलेल्या दुसऱ्या पत्राच्या पुढच्याच अध्यायात पौल आपला त्रोवसात कार्पाजवळ राहिलेला झगा आणि पुस्तके, विशेषतः चर्मपत्रे, येताना घेऊन ये, असे कळवतो. झग्याची आठवण करून देणारा मजकूर अपौरुषेय म्हणता येणार नाही. तरीही तो शास्त्राचा भाग आहे.

दुसरा प्रतिसाद

वरील भेद मान्य आहे, परंतु ‘अधिकार’ हा शब्दही सोवळा नाही. आपल्याकडे शास्त्राच्या संदर्भात अधिकार म्हणजे बहुधा ग्रंथाचा माणसावरचा हक्क नसून माणसाची ग्रंथाकडे जाण्याची पात्रता असते. ‘वेदांचा अधिकार’ म्हटले की वेद कोणी वाचावेत, हाच प्रश्न पूर्वी उभा राहत असे, आणि स्त्रीशूद्रांना तो अधिकार नाही, हे त्याचे ठरलेले उत्तर असे. ‘बायबलचा अधिकार’ हे शीर्षक वाचून एखाद्याने तोच अर्थ घेतल्यास दोष वाचकाचा नव्हे.

पंडिता रमाबाईंच्या आयुष्यात हे दोन्ही अर्थ भेटतात. कलकत्त्यात ब्राह्मो समाजाचे नेते केशवचंद्र सेन यांनी वेदाची प्रत त्यांच्या हाती ठेवून वाचण्याचा आग्रह केला, तोवर स्त्रीला तो अधिकार नाही, या समजुतीने त्यांनी वेद वाचले नव्हते. पुढे १८८३ मध्ये इंग्लंडात बाप्तिस्मा घेतल्यावर त्यांचा तेथील धर्मगुरूंशी खटका उडाला तो दुसऱ्या अर्थाच्या अधिकारावरून. बायबल आणि सद्सद्विवेक यांपुढे त्या नमायला तयार होत्या, पण धर्मगुरूंचा प्रत्येक शब्द देवाची आज्ञा म्हणून स्वीकारायला नव्हत्या. हिब्रू आणि ग्रीक शिकून त्यांनी सोप्या मराठीत केलेले बायबलचे भाषांतर त्यांच्या मृत्यूनंतर, १९२४ मध्ये, प्रसिद्ध झाले. कोणत्याही वाचणाऱ्या बाईला ते समजावे, हा त्यामागचा हेतू पाहिला की पात्रतेच्या अर्थाचा अधिकारही येथे अप्रस्तुत वाटत नाही.

पहिल्या प्रतिसादकाचे उत्तर

संदिग्धता खरी आहे, पण ती वाक्यरचनेने टाळता येते. ‘बायबलचा अधिकार’ असे नुसते न लिहिता ‘चर्चवर चालणारा शास्त्राचा अधिकार’ किंवा ‘शास्त्राधीन असणे’ असे लिहावे. वेस्टमिन्स्टरच्या विश्वासनाम्याने, म्हणजे १६४०च्या दशकातील इंग्लिश प्युरिटनांच्या (कडव्या प्रॉटेस्टंटांच्या) दस्तऐवजाने, शास्त्राचा अधिकार कोणा माणसाच्या किंवा चर्चच्या साक्षीवर अवलंबून नसून सर्वस्वी त्याचा कर्ता जो देव त्याच्यावर अवलंबून आहे, असे म्हटले आहे. या वाक्यात ‘अधिकार’च्या जागी ‘पात्रता’ घालून पाहिल्यास अर्थच लागत नाही. संदर्भ भक्कम असला की शब्द आपोआप सरळ होतो.

कॅथलिक बाजू मांडतानाही हाच शब्द उपयोगी पडेल. कॅथलिक चर्चच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ मध्ये बिशपांचा शिकवण्याचा अधिकार देवाच्या वचनाच्या वर नसून वचनाच्या सेवेत आहे, असे स्पष्ट केले. त्यामुळे ‘रोम पोपला बायबलपेक्षा श्रेष्ठ मानते’ हे प्रॉटेस्टंट वादविवादांतले ढोबळ वाक्य लेखात आणू नये.

‘प्रमाण’ शब्द मात्र टाकून देऊ नका. कोणती पुस्तके शास्त्रात धरायची, हा मुद्दा आला की ‘प्रमाणग्रंथांची यादी’ हाच शब्दप्रयोग नेमका बसतो, कारण अशा यादीसाठी वापरल्या जाणाऱ्या ‘कॅनन’ या मूळ ग्रीक शब्दाचा अर्थच मापनाची काठी असा आहे. प्रॉटेस्टंट यादीत ६६ आणि कॅथलिक यादीत ७३ पुस्तके आहेत, हेही तेथेच सांगता येईल.