मदत हवी आहे: प्रेसच्या बटणात पाचर मारून काम चालतं, काय करावं?

नमस्कार मंडळी,

नाशिकच्या अंबड एमआयडीसीतल्या एका छोट्या प्रेस शॉपमध्ये (पत्रा दाबून, कापून पार्ट बनवतात तिथे) मी शिफ्ट सुपरवायझर आहे. ब्रॅकेट, क्लॅम्प, वॉशर असली कामं. प्रेस जुन्या, बहुतेक पिन क्लचच्या. मध्यंतरी रात्रपाळीत एका हेल्परच्या तर्जनीचं पेर गेलं. चौकशीच्या कागदावर कारण, 'कामगाराचा निष्काळजीपणा'. त्याला नोटीस, बाकीच्यांना दम, भिंतीवर 'सुरक्षा प्रथम'चं नवं पोस्टर. विषय संपला.

मला हे पटत नाही. दोन्ही हात बटणांवर असतील तरच स्ट्रोक पडावा, म्हणजे प्रेसचा वरचा दाबणारा भाग (रॅम) खाली यावा, म्हणून त्या प्रेसला दोन बटणं आहेत. डाव्या बटणात लाकडाची पाचर होती, वरून सायकलच्या ट्यूबची पट्टी गुंडाळलेली. पट्टी इतकी जुनी की रबर वितळून बटणाला चिकटलेलं. म्हणजे हा त्या एका रात्रीचा उद्योग नाही. पाचर कशासाठी? तर पीस तेलाने डायमध्ये, म्हणजे आकार देणाऱ्या साच्यात, चिकटतो. डाव्या हाताने तो ओढायचा, उजव्याने बटण दाबायचं. नग वाढतात, आणि इन्सेंटिव्ह नगावर आहे!

मालक आता लाइट कर्टन (प्रकाशकिरणांचा पडदा, हात आडवा आला की मशीनला थांबायचा इशारा देतो) घ्यायला तयार झालेत. विक्रेता म्हणतो सगळ्या प्रेसना लावा. घ्यावेत का? आणि थोडक्यात वाचल्याचे प्रसंग पोरं सांगतच नाहीत, त्याला काय करायचं? हेल्पर ठेकेदाराचे, काही पेठ-सुरगाण्याकडचे, काही बिहारचे. इंग्रजी बोर्ड कोणी वाचत नाही.

प्रतिसाद १

पंचवीस वर्षं सातपूरला होतो, स्पष्टच सांगतो. कितीही सोयी करा, ही पोरं ऐकत नाहीत. दोघांना घरी बसवा, बाकीचे आपोआप सुधारतील.

प्रतिसाद २

घरी बसवून पाचर जात नाही हो काका, नवीन पोरगा नवीन पाचर आणतो.

दादा, आधी कर्टनची ऑर्डर थांबवा. पिन क्लचची प्रेस एकदा सुटली की फेरी पुरी केल्याशिवाय थांबत नाही. कर्टनला हात दिसला तरी रॅम खाली येणारच. स्ट्रोक मधेच थांबू शकतो अशा, एअर क्लच-ब्रेकच्या प्रेसलाच त्याचा उपयोग.

तुमच्याकडे डायभोवती पक्का पिंजरा हवा. पत्र्याची पट्टी आत सरकेल एवढीच फट, सहा मिलिमीटरच्या वर नको. सुटे ब्लँक (आधीच कापलेले पत्र्याचे तुकडे) असतील तर सरकता ट्रे किंवा चुंबकाचा चिमटा. पीस चिकटतो त्याला डायमध्ये स्प्रिंगची पिन आणि हवेचा झोत द्या, टूलरूमवाला करून देईल. हात आत घालायची गरजच संपली की पाचर कशाला मारतील?

बटणांसाठी टू-हँड सेफ्टी रिले टाका. दोन्ही बटणं अर्ध्या सेकंदाच्या आत दाबावी लागतात आणि पुढच्या स्ट्रोकआधी दोन्ही सोडावी लागतात. एक दाबून ठेवलं की प्रेस ढिम्म. बटणं मात्र डायपासून लांब ठेवा, बटण सोडून हात आत पोचता कामा नये.

प्रतिसाद ३

जेम्स रीझन नावाच्या ब्रिटिश मानसशास्त्रज्ञाने चुकांची वर्गवारी केली आहे: हात चुकणं, विसरणं, चुकीचं समजणं, आणि वेगळा प्रकार म्हणजे जाणूनबुजून नियम मोडणं. औषध प्रत्येकाचं वेगळं. हात चुकतो तो सराईताचाही, त्याला ट्रेनिंग देऊन काय होणार? तिथे मशीनमध्येच बदल करायचा. डाय बदलताना मेन स्विच बंद करायचा विसरतो, त्याला कुलूप आणि चावी खिशात. पाचर शेवटच्या प्रकारातली. नियम पाळणाऱ्याचे पैसे बुडतात तोवर ती राहणार.

आणि ती नोटीस मागे घ्यायला लावा. बोट गेलेल्याला नोटीस मिळाली हे सगळ्यांनी पाहिलंय, आता थोडक्यात वाचलेला कशाला तोंड उघडेल? बोर्डाऐवजी पाळी सुरू होताना मशीनपाशीच पाच मिनिटं हिंदी-मराठीत बोला, हाताने करून दाखवा.

धागाकर्ता

आभारी आहे मंडळी. कर्टनचं मालकांना आजच सांगतो, पैसे वाचले म्हणून तरी ऐकतील. पिंजरा आणि स्प्रिंग पिनचं टूलरूमशी बोलतो. नोटिशीचं अवघड आहे, पण इन्सेंटिव्ह नगावरून काढून पूर्ण पाळीवर ठरवता येईल का, हे कोणी करून पाहिलंय? उत्पादन किती पडतं ते मालक आधी विचारतील.