मदत हवी आहे: फिल्टरवरचा धूर लाकडाचा की कचऱ्याचा, कसे ठरवायचे?

नालाकाठ

नमस्कार मंडळी. पर्यावरणशास्त्रात एमएस्सी करते आहे. प्रकल्पासाठी मुंबईच्या पूर्व उपनगरात एका गच्चीवर पीएम २.५चे (हवेतल्या अतिसूक्ष्म कणांचे) नमुने घेतलेत, दिवसाचे वेगळे आणि रात्रीचे वेगळे. खाली लाकडाच्या भट्टीची बेकरी आहे, समोरच्या रस्त्यावर ट्रक असतात आणि थंडीत रात्री नाल्याकाठी कचरा पेटतो. हिवाळ्यात २४ तासांची सरासरी आपल्याकडच्या घनमीटरमागे ६० मायक्रोग्रॅमच्या मर्यादेवर बऱ्याचदा जाते. जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा तर १५ आहे.

क्वार्ट्झ फिल्टरवरून ऑरगॅनिक कार्बन (ओसी, म्हणजे सेंद्रिय संयुगांतला कार्बन), एलिमेंटल कार्बन (ईसी, म्हणजे काजळी) आणि आयन मोजून झालेत. ओसी-ईसी गुणोत्तर रात्री चांगलेच चढते. डिझेलच्या धुरात ईसीचा वाटा मोठा असतो, त्यामुळे हे एकट्या ट्रकांचे काम वाटत नाही. काहीतरी धुमसत जळते आहे, पण काय?

पोटॅशियम लाकडाची खूण म्हणून वापरतात. पण कचऱ्यातही पालापाचोळा, करवंट्या, पुठ्ठा असतोच, आणि दिवाळीच्या आसपास फटाक्यांतला शोरा (पोटॅशियम नायट्रेट) त्यात भर घालतो. पीव्हीसी प्लास्टिक जळले की क्लोराइड वाढते, पण इथे समुद्र जवळ, मिठाचे क्लोराइडही फिल्टरवर येणार.

जानेवारी २०२५मध्ये उच्च न्यायालयाने लाकूड-कोळशाच्या भट्ट्यांना स्वच्छ इंधनाकडे वळायला सांगितल्यापासून आमच्याकडे सगळे बोट बेकरीकडेच दाखवतात. नाल्याकाठच्या आगीबद्दल कोणी चकार शब्द काढत नाही. तिथे राहणाऱ्या मुलांच्या छातीत तो धूर रोज जातो, म्हणून मला पुरावा पक्का हवा आहे. पैसे एकाच चाचणीपुरते उरलेत. टेफ्लॉन फिल्टरवरून धातू मोजू, की क्वार्ट्झवरून लेव्होग्लुकोसान (लाकडाच्या धुराची खूण मानले जाणारे रसायन)?

धूरमापक

आधी मीठ वजा करा, त्याला खर्च नाही. समुद्राच्या पाण्यात वजनाने क्लोराइड सोडियमच्या सुमारे १.८ पट, सल्फेट ०.२५ पट आणि पोटॅशियम ०.०३७ पट असते. सोडियमवरून तेवढे वजा केल्यावर उरते ते समुद्राखेरीज दुसरीकडचे. फक्त एक धरून चाला: शहराच्या हवेतले नायट्रिक आम्ल मिठातले क्लोरीन हुसकावून लावते. त्यामुळे वजाबाकी शून्याखाली गेली तर 'कचरा जळत नाही' असा अर्थ काढू नका. उलट, रात्री वारा जमिनीकडून असताना सोडियम कमी आणि क्लोराइड-अमोनियम दोन्ही जास्त दिसले, तर ते अमोनियम क्लोराइड, म्हणजे मिठाचे नसलेले क्लोराइड, असण्याची शक्यता मोठी.

आता चाचणी. नुसते लेव्होग्लुकोसान पुरणार नाही. ते सेल्युलोज जळल्याने बनते, म्हणजे लाकडातून येते तसे पुठ्ठा-कागदातूनही. पण त्यासाठी जीसी-एमएस चाचणी (सेंद्रिय रसायने वेगळी करून ओळखणारी) करणारच असाल तर त्याच अर्कातून १,३,५-ट्रायफिनाइलबेंझिन मोजून मागा. ती प्लास्टिक जळल्याची खूण आहे. दोन्ही एकत्र चढले तर मिश्र कचरा, लेव्होग्लुकोसान एकटेच चढले तर बहुधा लाकूड. होपेन (खनिज तेलातली संयुगे) मिळाले तर गाड्यांच्या इंजिन ऑइलचाही माग लागतो.

भट्टीजवळ

मीही जीसी-एमएसच्याच बाजूने. धातूंत अँटिमनीवर भिस्त ठेवाल, कारण पीईटी बाटल्या बनवताना ते उत्प्रेरक म्हणून वापरतात. पण ब्रेक झिजूनही अँटिमनी हवेत येते, सोबत तांबे आणि बेरियम घेऊन. शिवाय बऱ्याच बेकऱ्यांत भंगारातले लाकूड जळते: जुनी दारे, खिडक्या, प्लायवूड. जुन्या रंगातून शिसे येते, म्हणजे तुमच्या बेकरीचा धूरही कचऱ्यासारखा दिसू शकतो. भट्टीत काय घालतात ते मालकाला विचारून लिहून ठेवा. जमल्यास भट्टीच्या चिमणीजवळ एक आणि आगीजवळ एक नमुना घ्या. बाहेरच्या देशांतल्या धुराची गुणोत्तरे आपल्या भट्टीला जशीच्या तशी लागू पडत नाहीत.

नालाकाठ

दोघांचेही मनापासून आभार. जीसी-एमएसच करते. फिल्टर फ्रीझरमध्ये फॉइलमध्ये गुंडाळून ठेवलेत. सगळे पाठवणे परवडणार नाही, मग दिवस-रात्रीच्या जोड्या निवडू की फक्त रात्रीचे?

धूरमापक

जोड्याच. दिवसा बेकरी चालू आणि आग बंद, हा फरकच तुमचा पुरावा. भट्टी रात्रीही पेटत असेल तर तिच्या सुट्टीच्या रात्रीचा नमुना आवर्जून घाला. आणि तुलनेसाठी हवा न ओढलेला कोरा फिल्टरही सोबत द्या.