सिझरनंतर ताप, आई म्हणते दुधाचा आहे. थांबू का?

दुपारचा_चहा
ताईचं सिझर होऊन आठवडा होत आला, घरीच आहे. काल रात्रीपासून थंडी वाजून ताप, आत्ता १०१. आई म्हणते दूध साकळलंय, छाती शेकली की उतरेल. पण ताईचं ओटीपोट दुखतंय आणि अंगावरून जातंय त्याला घाण वास येतोय. पाणी आदल्या दिवशीच गेलेलं, कळा नीट येईनात म्हणून शेवटी घाईत सिझर केलं, हिमोग्लोबिन पण ८ होतं. क्रोसिन देऊन सकाळपर्यंत थांबलं तर चालेल का?

वॉर्डसिस्टर
नाही, आत्ताच निघा. दुधाच्या तापाने अंगावरून जातं त्याला वास येत नाही. पाणी जाऊन इतके तास झाले, त्यात आतून पुन्हा पुन्हा तपासणी झालेली असते, तेवढ्यात जंतू वर गर्भपिशवीत चढतात आणि मग पोट उघडतात, म्हणून घाईच्या सिझरला धोका जास्त. अंगात रक्त कमी, मग शरीर लढणार कशावर? क्रोसिनने आकडा उतरतो, इन्फेक्शन तिथेच राहतं.

कोकणी_फणस
उगाच घाबरवू नका हो, माझ्या बायकोलापण ताप आलेला, छातीत दुधाची गाठ झाली होती, औषधाने गेली. आणि टाके कोरडे असतील तर काय होतंय?

वॉर्डसिस्टर
टाके वरून कोरडे आणि आत पिशवीत पू, असं असतं की. गाठीत एक बाजू लाल होऊन दुखते, ओटीपोट नाही. आणि हे फक्त सिझरचं नाही बरं का, नॉर्मलमध्ये वार हात घालून काढली, तुकडा आत राहिला, खूप रक्त गेलं, शुगर आहे, तरी हेच. १००.४ च्या वर ताप म्हणजे दाखवायचंच. धाप लागली, नाडी पळायला लागली, बरळायला लागली तर सेप्सिस समजा, म्हणजे इन्फेक्शनमुळे सगळं शरीरच कोलमडायला लागलंय, तिथे तासांवर खेळ असतो.

दुपारचा_चहा
निघतोय. दवाखान्यात फोन उचलत नाहीत, गाडी पण नाही. बाळाला घरी ठेवू का?

वॉर्डसिस्टर
१०८ लावा, सिव्हिलला न्या, तिथे बाळंतपणानंतरच्या त्रासाचे उपचार मोफत असतात. बाळ सोबत घ्या, त्यालापण तपासून घेतील, दूध पाजायचं का ते तिथेच विचारा. डिस्चार्ज कार्ड विसरू नका, कुठलं अँटिबायोटिक दिलेलं ते त्यावर असतं. क्रोसिन दिली असेल तर किती वाजता ते सांगा.