नेपाळ २०१५: जाहीर झालेली मदत घरापर्यंत पोचायला इतकी वर्षं का लागली?

दिंडीवाट
२५ एप्रिल २०१५ चा भूकंप. दोन महिन्यांनी काठमांडूत देणगीदार देशांची परिषद झाली आणि ४.४ अब्ज डॉलर जाहीर झाले. तरी गोरखा, सिंधुपाल्चोक, दोलखा या जिल्ह्यांतल्या लोकांनी पुढचे पावसाळे जस्तापात्याखाली काढले (पन्हळी पत्र्याला तिकडे हाच शब्द). माझे प्रश्न तीन. पैसा नेमका कुठे अडला? मदतीच्या वाटेने बाहेरच्या देशांचं वजन वाढतं म्हणतात, ते कसं? आणि महाराष्ट्रातल्या एखाद्या लहान ट्रस्टने अशा वेळी काय पाठवावं? कामाची माहिती हवी आहे.

हिशोबवही
पहिल्या प्रश्नाचं सांगतो. ४.४ अब्ज हे आश्वासन होतं, जमा नव्हे. त्यातही जवळपास निम्मी रक्कम कर्जाची. भारताच्या एक अब्जाचंच बघा: २५ कोटी डॉलर अनुदान, ७५ कोटी सवलतीचं कर्ज. अनुदानातले १० कोटी घरांसाठी. आरोग्य, शिक्षण आणि वारसा वास्तू यांना प्रत्येकी ५ कोटी. आश्वासनानंतर प्रत्येक कामाचा वेगळा करार होतो, मग ती रक्कम अर्थसंकल्पात दाखवावी लागते. बऱ्याच कर्जांत सरकारने आधी खर्च करायचा, हिशोब दाखवायचा आणि मग भरपाई घ्यायची. खर्च करणारं सरकारी खातंच नसेल, तर कागदावरचा पैसा कागदावरच राहतो.

इथे तेच झालं. पुनर्निर्माण प्राधिकरण जूनमध्ये अध्यादेशाने स्थापन झालं, पण संसदेने मुदतीत मंजुरी न दिल्याने अध्यादेश बाद झाला. पक्ष राज्यघटनेत गुंतले होते, आणि प्राधिकरणाचा प्रमुख कोणाचा यावर ओढाताण चालली होती. कायदा डिसेंबरात झाला, प्रमुखाची नेमणूक २५ डिसेंबरला. बरोबर आठ महिने गेले. घराचा पहिला हप्ता वाटायला सुरुवात झाली ती मार्च २०१६ मध्ये. मधल्या हिवाळ्यात कुटुंबाच्या हाती आले ते तात्पुरत्या निवाऱ्याचे १५ हजार आणि गरम कपड्यांचे १० हजार नेपाळी रुपये.

या दिरंगाईचा सगळा दोष देणगीदारांवर टाकणं मला पटत नाही. पण त्यांचीही एक सवय नडते. सरकारवर विश्वास नाही म्हणून पैसा आपापल्या संस्थांमार्फत फिरवायचा, आणि मग सरकारची क्षमता नाही अशी तक्रार करायची. भूकंपानंतर लोकांनी आणि संस्थांनी मदतीसाठी उघडलेल्या बँक खात्यांतला निधी पंतप्रधान मदत निधीत वळवण्याचा आदेश सरकारने काढला, तेव्हा हा अविश्वास दोन्ही बाजूंनी उघडा पडला.

जोतं_आणि_पट्टा
आता घराच्या बाजूने. अनुदान आधी दोन लाख होतं, २०१६ च्या उत्तरार्धात तीन लाख नेपाळी रुपये केलं. नेपाळी रुपया भारतीय रुपयाशी १.६ ला बांधलेला आहे, म्हणजे आपले १ लाख ८७ हजार ५००. हप्ते तीन: करारावर सही केल्यावर ५० हजार, जोतं झाल्यावर दीड लाख, भिंती छताखालच्या पट्ट्यापर्यंत (चारी भिंती बांधून धरणारा आडवा थर) गेल्यावर एक लाख. प्रत्येक टप्प्याला इंजिनियरची मान्यता.

घरमालकाने स्वतः बांधायचं आणि सरकारने टप्प्याटप्प्याने पैसे द्यायचे, ही पद्धत गुजरातमध्ये २००१ नंतर चालली होती. कंत्राटदाराच्या कॉलनीपेक्षा ती शंभरपट बरी. पण पहिला हप्ता तोकडा होता. मलब्यातून दगड वेगळे काढायचे, सिमेंट आणि सळई खेचराच्या पाठीवर वर न्यायची, आणि तरणी माणसं आखातात. ५० हजारांत जोतं होत नाही, म्हणून सावकार. इंजिनियर पोचेपर्यंत काम पुढे गेलेलं असतं, मग आत काय घातलं ते दिसत नाही आणि हप्ता अडतो. लालपुर्जा (जमिनीच्या मालकीचा कागद) नसलेल्यांचा तर करारच होत नव्हता. शेवटी मुदतीच्या धाकाने अनेकांनी एकाच खोलीचं घर उभं केलं. हप्ता त्या खोलीवर घेतला, चूल मात्र जुन्या डागडुजीच्या घरात किंवा पत्र्याखालीच राहिली.

इंजिनियर काय बघतो तेही सांगते, कारण पैसा त्यावर अडतो. दगड-मातीची भिंत म्हणजे खरं तर दोन पातळ भिंती आणि मध्ये चुरा. हादऱ्यात चुरा खाली बसतो, भिंतीचं पोट फुगतं आणि बाहेरचा पदर गळून पडतो. यावर उपाय म्हणजे दोन्ही अंगांना टेकणारा आरपार दगड: उंचीत दर ६०० मिलिमीटरला, लांबीत दर १.२ मीटरला. शिवाय जोत्यावर, खिडकीखाली, दारा-खिडक्यांच्या माथ्यावर आणि छताखाली आडवे पट्टे. काँक्रीटचा पट्टा असेल तर ७५ मिलिमीटर जाडी, आत दोन सळ्या. सळ्या कोपऱ्यात वळवून दुसऱ्या भिंतीत न्याव्या लागतात. नुसत्या टोकाला टोक लावून ठेवल्या की पहिला कोपराच उघडतो.

किल्लारीला १९९३ मध्ये माणसं दगावली ती अशाच मातीतल्या जाड दगडी भिंतींखाली आणि वरच्या माळवदाच्या ओझ्याखाली. तिथे जागतिक बँकेच्या कर्जातून ५२ गावं नव्या जागी हलवली. जमीन एक हेक्टरपर्यंत असेल तर २५० चौरस फूट, सातपर्यंत ४५०, त्यावर ७५०, असं घराचं माप ठरवलं. जमिनीप्रमाणे माप म्हणजे जुनी उतरंड नव्या गावात पक्की बांधणं. नेपाळमध्ये लाप्राकजवळ परदेशस्थ नेपाळींच्या संघटनेने ५७३ घरांची वसाहत उभी केली, त्यातली कितीतरी रिकामी राहिली. शेत आणि गोठा डोंगरात खाली जुन्या गावात, घर वर नव्या वसाहतीत, असं कोणी राहत नाही.

रक्सौल_फाटक
वजन कसं वाढतं, याबद्दल.

सगळ्यात आधी ते विमानतळावर दिसतं. काठमांडूला धावपट्टी एकच. ती खराब होऊ लागल्यावर १९६ टनांपेक्षा जड विमानं बंद केली. कोणाचं विमान आधी उतरवायचं, हा निर्णयच मग राजकीय होतो. ब्रिटनची तीन चिनूक हेलिकॉप्टरं परवानगी न मिळाल्याने भारतातूनच परतली.

दुसरी वाट कर्जाच्या अटींची. भारताच्या एक्झिम बँकेच्या (सरकारी निर्यात-आयात बँक) कर्जात सर्वसाधारण नियम असा, की ७५ टक्के माल आणि सेवा भारतातून घ्यायच्या. इतर मोठे देशही आपापल्या कंपन्यांना काम मिळेल अशाच अटी घालतात. भक्तपूर नगरपालिकेने जर्मन मदतीच्या अटी मानल्या नाहीत आणि स्थानिक उपभोक्ता समित्यांमार्फत (तिथल्याच रहिवाशांच्या समित्या) देवळं उभी केली. मला यातलं हे सगळ्यात मोलाचं उदाहरण वाटतं. काठमांडूच्या वसंतपूर चौकात मात्र नऊमजली दरबार चीनच्या पैशाने झाला आणि शेजारची गद्दी बैठक ही दरबारी इमारत अमेरिकेच्या.

तिसरी वाट भूगोलाची, आणि सर्वांत कठोर. २० सप्टेंबर २०१५ ला नेपाळची राज्यघटना जाहीर झाली. लगेच भारत-नेपाळ सीमेवरच्या रक्सौल-वीरगंज नाक्यावरून माल थांबला तो फेब्रुवारी २०१६ पर्यंत. भारत म्हणाला, राज्यघटनेवर नाराज मधेसींच्या (नेपाळच्या तराईतले लोक) आंदोलनामुळे ट्रक अडले. नेपाळ म्हणाला, ही अघोषित नाकेबंदी. शब्द कोणताही घ्या, पावसाळा संपून बांधकामाचा हंगाम सुरू होत असताना डिझेल, गॅस, औषधं आणि सिमेंट अडलं. ऑपरेशन मैत्री या भूकंपानंतरच्या बचाव मोहिमेतून भारताने काही तासांत मिळवलेली आपुलकी त्या पाच महिन्यांत गेली. नेपाळने चीनशी इंधनाचा आणि पुढे मालवाहतुकीचा करार केला. पण चीनच्या सीमेवरचं तातोपानी नाकं भूकंपाने बंद पडलेलं, ते २०१९ पर्यंत उघडलं नाही.

आणि बाहेरून येणारं माणूसही धोका घेऊन येऊ शकतं. हैतीत जानेवारी २०१० च्या भूकंपानंतर ऑक्टोबरात कॉलरा आला, तो मीरबालेजवळच्या संयुक्त राष्ट्रांच्या तळावरचा मैला नदीत गेल्यामुळे. त्या तळावर नेपाळचीच तुकडी होती. जवळपास दहा हजार माणसं मेली, आणि आपला वाटा मान्य करायला संयुक्त राष्ट्रांना २०१६ उजाडलं.

दिंडीवाट
आभार. तिसरा प्रश्न अजून बाकी आहे. गवंडी पाठवले तर?

हिशोबवही
आधी पैशाचं. धर्मादाय ट्रस्टने भारताबाहेर खर्च केला तर आयकर कायद्याखाली केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळाची मंजुरी लागते, नाहीतर त्या रकमेवरची सूट जाते. हे संकटाआधीच सनदी लेखापालाला विचारून ठेवा. जुने कपडे पाठवू नका, ते निवडायलाच तिकडची माणसं अडकतात. ताडपत्री पाठवायची तर ४ बाय ६ मीटरची, सोबत दोर. औषधांची मुदत पोचल्यावर किमान एक वर्ष शिल्लक हवी. प्रत्येक खोक्यावर वजन, आतली यादी आणि तिकडे माल उतरवून घेणाऱ्या संस्थेचं नाव. ते नाव नसलं की खोकी वीरगंजला पडून राहतात.

जोतं_आणि_पट्टा
गवंडी पाठवा, पण बांधायला नको, शिकवायला. नेपाळच्या पद्धतीत जुन्या गवंड्याला सात दिवसांचं प्रशिक्षण, नव्याला प्रत्यक्ष कामावर पन्नास दिवसांचं. एका प्रशिक्षकासोबत नेपाळी बोलणारी एक व्यक्ती हवीच. तारखा दसैं-तिहार (तिकडचे दसरा-दिवाळी) आणि भातकापणी उरकल्यावरच्या ठरवा, त्याआधी कोणीही माणूस रिकामा नसतो. आणि शिकवण्यासाठी उभारलेला नमुना कोपरा पाडू नका. गावातल्या एखाद्या घराचाच तो कोपरा असू द्या.