प्रत्यारोपित यकृतात हिपॅटिक आर्टरी (यकृताची धमनी) दिसत नाही, सीटी की पुन्हा डॉपलर (रक्तप्रवाह दाखवणारा अल्ट्रासाऊंड)?

प्रश्न
जिवंत दात्याचा उजवा खंड बसवलाय, आज दुसरा दिवस. काल आर्टरीचा आरआय (रेझिस्टिव्ह इंडेक्स, प्रवाहाला होणाऱ्या अडथळ्याचा आकडा) ०.८५ होता. आज ग्राफ्टच्या (बसवलेल्या यकृताच्या) आत धमनीचा सिग्नलच मिळत नाही. पोर्टल व्हेन (आतड्यांकडून यकृतात रक्त आणणारी शीर) छान भरते. क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचं काम दाखवणारी रक्ततपासणी) १.८ आहे. लगेच सीटी अँजिओ (कॉन्ट्रास्ट देऊन रक्तवाहिन्यांचा सीटी) करावा की उद्या डॉपलर परत पाहावं?

उत्तर १
उद्यापर्यंत थांबू नका. ग्राफ्टच्या पित्तनलिका याच धमनीच्या रक्तावर जगतात. पोर्टल व्हेन कितीही चांगली वाहिली तरी त्या वाचत नाहीत. कालचा ०.८५ एकटा असता तर काळजी नव्हती, पहिल्या ७२ तासांत ग्राफ्टच्या सुजेमुळे आरआय चढतो आणि उतरतोही. प्रवाहच नाहीसा होणं ही वेगळी गोष्ट.

सर्जनना आत्ताच कळवा आणि तोवर मशीन तपासा. पेशंटचं बीपी किती आहे? पीआरएफ (सेकंदाला सोडल्या जाणाऱ्या लहरींची संख्या) खाली आणा, वॉल फिल्टर (मंद प्रवाहाचे सिग्नल गाळणारी सेटिंग) सगळ्यात कमी ठेवा, गेन (सिग्नल किती मोठा करायचा ते) ठिपके दिसेपर्यंत वाढवून किंचित उतरवा. प्रोब बरगड्यांमधून लावा, पोर्टल व्हेनला लागून गेट (वेग मोजायची खिडकी) ठेवा, कोन ६० अंशांच्या आत. ड्रेसिंगच्या भीतीने लोक पुढूनच पाहतात आणि तिथेच चुकतात.

उत्तर २
तरीही शंका राहिली तर बेडवरच कॉन्ट्रास्ट अल्ट्रासाऊंड. सल्फर हेक्झाफ्लोराईड वायूच्या सूक्ष्म बुडबुड्यांचा कॉन्ट्रास्ट २.४ मिली, मागोमाग १० मिली सलाईन, एमआय (मेकॅनिकल इंडेक्स, लहरींचा जोर) कमी. पहिल्या ४० सेकंदांची क्लिप सलग साठवा, कारण धमनी पोर्टलच्या आधी उजळते आणि ती वेळ निघून गेली की फरक कळत नाही. हा वायू श्वासातून बाहेर पडतो, मूत्रपिंडावर भार नाही.

धमनी उजळली नाही तर क्रिएटिनिन १.८ म्हणून सीटी अडवू नका. कॉन्ट्रास्ट सेकंदाला ४-५ मिली, बोलस ट्रॅकिंग (कॉन्ट्रास्ट पोचला की स्कॅन सुरू करणं), १ मिमी काप. पोर्टल फेजही (पोर्टल व्हेन उजळते त्या वेळचा स्कॅन) घ्या, यकृताच्या पाचव्या-आठव्या सेगमेंटच्या (भागांच्या) शिरा जोडल्या असतील तर त्याही पाहून होतील.

उत्तर ३
एक धोका सांगतो. सिग्नल सापडला, पण आरआय ०.५ च्या खाली आणि ॲक्सिलरेशन टाइम (प्रत्येक ठोक्याला वेग शिखरावर पोचायला लागणारा वेळ) ०.०८ सेकंदापेक्षा जास्त असेल, तर ‘धमनी चालू’ असा रिपोर्ट देऊ नका. त्या जागेच्या आधी, रक्त येतं त्या बाजूला, अरुंदपणा असू शकतो. पुढच्या आठवड्यांत असाच वेव्हफॉर्म (प्रवाहाचा आलेख) दिसला तर मूळ धमनी बंद पडून कोलॅटरल (पर्यायी बारीक रक्तवाहिन्या) तयार झाल्याचाही विचार करा. धमनी शिवलेल्या जोडापर्यंत तिचा माग काढा. तिथे वेग सेकंदाला २०० सेंमीच्या वर गेला, तर अरुंदपणाचा संशय पक्का धरा.